निळ्या दोऱ्याचं पार्सल

बातमी आली तेव्हा काका सलूनच्या खुर्चीत होते. तोंडाला फेस, गळ्याभोवती पांढरं कापड आणि सलूनवाल्याचा वस्तरा नेमका हनुवटीखाली. अशा अवस्थेत माणसाला धड बोलता येत नाही की उठता येत नाही, आणि त्या दिवशी ते एका परीने बरंच झालं.

कोपऱ्यातल्या टीव्हीवरची बाई घाईघाईने सांगत होती. मुख्य टपाल कार्यालयात, जिथे टपाल गावागावाप्रमाणे वेगळं करतात त्या खोलीत, एक पार्सल फुटलं. आतून करड्या रंगाची पूड सांडली. थोड्याच वेळात तिथल्या लोकांना गरगरायला लागलं, कुणाला उलट्या झाल्या, कुणाच्या बोटांना मुंग्या आल्या. सात जणांना इस्पितळात नेलं आणि त्यातला एक अजून शुद्धीवर नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मग पडद्यावर फोटो आला. बदामी रंगाच्या जाड कापडात शिवलेला गोल डबा, निळा दोरा, आणि तो दोरा दिसतोय न दिसतोय अशी शिवण.

काकांनी ती शिवण ओळखली. न ओळखून जातात कुठे? सोफ्याच्या पाठीला जो लपता टाका घालतात तो इतका बारीक घालणारा त्या भागात त्यांच्याशिवाय दुसरा नव्हता. दोरा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्च्या शिवताना उरलेल्या रिळातलाच होता.

"हलू नका हो," सलूनवाला म्हणाला. "कापेल."

काका हललेच नव्हते.

त्या डब्यात काकू होत्या. सगळ्या नाही, निम्म्या. काकू गेल्यावर दहनघरातल्या माणसाने राख एका पिशवीत घालून काकांच्या हातात दिली होती, आणि काकांनी ती घरी आणून शिवणयंत्राशेजारच्या फळीवर ठेवली होती. पुढे काय करायचं असतं ते काकांना ठाऊक नव्हतं. घरात असल्या गोष्टी काकू ठरवत. त्यामुळे पिशवी आपली फळीवरच राहिली, आणि काका तिच्याकडे पाठ करून खुर्च्या शिवत राहिले. एक दिवस त्यांच्या मनात आलं की ह्यातली निम्मी बेबीची आहे.

बेबी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. चाळिशीला टेकली होती, पदरात दोन पोरं होती, पण घरात एकदा बेबी म्हटलं की माणूस म्हातारा होईपर्यंत बेबीच राहतो. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि बापाशी बोलत नव्हती. फोन केला तर वाजून वाजून बंद व्हायचा. दोन पत्रं पाठवली, दोन्ही 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. तेव्हा काकांनी डोकं चालवलं. बापाचं नाव बघून परत करते ना, मग नावच घालायचं नाही. उघडल्यावर काय ते कळेल.

काकू ज्यात बटणं ठेवायच्या तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी रिकामा केला. पिशवीतली निम्मी राख हाताने त्यात भरली. वाटेत झाकण उघडायला नको म्हणून कडेने सोल्युशन लावलं. सोफ्याचा फोम लाकडाला चिकटवतात ते पिवळं, मधासारखं घट्ट सोल्युशन त्यांच्याकडे पिंपाने असायचं. सढळ हाताने लावलं, वरून रेक्झिनची पट्टी, पट्टीवर पुन्हा सोल्युशन, त्यावर कापड, मग शिवण. वाळू द्यायचं असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण उद्यावर टाकलं तर आपल्याच्याने हे होणार नाही अशी त्यांना भीती वाटली. तसाच ओला डबा नेला, हिशेबापेक्षा जास्तीच तिकिटं चिकटवली आणि टपालाच्या मोठ्या पेटीत सोडून दिला. हात तेवढा हलका झाला. बाकी काही झालं नाही.

आणि आता तो डबा टीव्हीवर होता.

"शेजारच्या देशाचं काम आहे," बाकावरून मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण ते सलूनमध्ये दाढी करायला कमी आणि शिकवायला जास्त यायचे. "युद्ध आता असंच होणार. बंदूक नाही, बाँब नाही. एक पार्सल."

"मला तर वाटतं आतल्याच कुणाचं असेल," सलूनवाला म्हणाला. "सुट्टी मिळत नाही म्हणून. आमचा मेहुणा टपालातच आहे. एक नंबरचा कामचुकार."

"अहो, माणूस बेशुद्ध आहे तिकडे."

"तेच म्हणतो मी. इतकी गाढ झोप आमच्या मेहुण्यालाच लागते."

बाकावरचे सगळे हसले. काकांच्या तोंडावर फेस होता, त्यामुळे ते हसले की नाही हे कुणी पाहिलं नाही. दाढी झाली, त्यांनी आरशात पाहिलं, गाल पुसला आणि दुकानात येऊन अर्धवट राहिलेल्या आरामखुर्चीचे पट्टे ताणायला बसले. घाबरायला हवं होतं. रडू तरी यायला हवं होतं. ते बसून वाट बघत राहिले, आणि दोन्हींपैकी काहीच आलं नाही. काकू गेल्यापासून असंच चाललं होतं. जेवण खडूसारखं लागायचं, बोलणं दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं ऐकू यायचं. लोक म्हणायचे, दुःखाने असं होतं. काका म्हणायचे, होत असेल.

पुढच्या काही दिवसांत शहराला दुसरा विषय राहिला नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कुणी म्हणालं प्रेमभंग झालेल्या पोराने पाठवलं, कुणी म्हणालं कारखान्यातला कचरा आहे, कुणी म्हणालं असं काही घडलंच नाही, सरकारला दुसरं काही तरी झाकायचंय. पोस्टमन फाटकातच कागद टाकून पळायला लागला आणि लोक ते चिमट्याने उचलायला लागले. समोरच्या इमारतीतल्या बाईने विजेचं बिल दोरीवर उन्हात वाळत घातलं. इस्पितळात तर रांग लागली. ज्याला पत्र आलं त्याची बोटं बधिर, आणि ज्याला आलं नाही त्याला कुणी तरी पत्र आलेला भेटला होता म्हणून त्याचं डोकं जड. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि काही सापडत नाही असं सांगितलं. काही सापडत नाही म्हटल्यावर तर लोकांची खात्रीच पटली.

काकूंना हे सगळं फार आवडलं असतं. शेजारच्या घरात बशी फुटली तरी ती कुणी, कुणावर आणि का फेकली असेल हे त्या पीठ मळता मळता सांगायच्या. स्वतःबद्दल मात्र आयुष्यात कुणाकडून चार वाक्यं ऐकली नसतील. आता अख्खा देश त्यांच्यावर बोलत होता, मोठमोठे तज्ज्ञ टाय लावून भांडत होते, आणि बिचारीला हे सांगायची सोय नव्हती.

मग बातमी आली की पूड तपासली, ती हाडांची राख निघाली. मास्तरांनी शेजारच्या देशाला तिथल्या तिथे माफ केलं. "करणी," ते म्हणाले. "सरळ सरळ करणी आहे ही. मी विज्ञानाचा मास्तर होतो, तरी सांगतो."

काकांच्या मनात मात्र त्या दिवशी भलताच किडा शिरला. डब्यात काय आहे हे माहीत असलेला जगात तो एकच माणूस, पण अफवेला माहितीची भीती नसते. काकूंच्या आजाराचं नावसुद्धा कुणाला सांगता आलं नव्हतं. आधी डोकं दुखायचं, मग हात थरथरायला लागले, बोटांतली जाणीव गेली, कप हातातून सुटायला लागले, शेवटी शेवटी त्यांना भिंत धरून चालावं लागायचं. तीन डॉक्टर झाले. एकाने नसा म्हटलं, दुसऱ्याने मन म्हटलं, तिसरा म्हणाला वय. औषधं मात्र तिघांनीही दिली, आणि काकूंनी ती सगळी खाल्ली. ती सगळी राखेत उतरली असतील तर? तिकडे इस्पितळात तो एक माणूस अजून डोळे उघडत नव्हता. उभ्या जन्मात जिने मुंगी चिरडली नाही, ती मेल्यावर सात माणसांना आडवं करून गेली असेल तर?

त्यांनी स्वतःच्या बोटात सुई टोचून पाहिली. फारसं दुखलं नाही. ते बोट किती वर्षांपासून दुखत नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते औषधाच्या दुकानात गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "का हो, आजारी माणसाला जाळलं, तर त्याची औषधं राखेत राहतात का?"

औषधवाल्याने चष्मा वर केला. "का हो काका?"

"काही नाही. असंच."

संध्याकाळी सलूनसमोरून जाताना त्यांना मास्तरांचा आवाज ऐकू आला. ते सांगत होते की अगदी आतल्या गोटातली बातमी आहे, एका औषध कंपनीच्या प्रयोगात माणसं मेली आणि त्यांची राख गुपचूप टपालाने इकडे तिकडे पाठवून विल्हेवाट लावतायत. काका क्षणभर थांबले. सकाळी आपण पेरलेलं संध्याकाळी असं उगवलेलं पाहून दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. ते घरी गेले, भात टाकला आणि तो खायला विसरले.

हे आणखी कितीही दिवस असंच चाललं असतं. काका बोलले नसते. बोलून काय व्हायचं? काकू गेल्या होत्या, डबा गेला होता, वर आणखी सात माणसांचं ओझं गळ्यात कोण घेईल? पण एका दुपारी सलूनच्या टीव्हीवर बेबीचं दार दिसलं.

दारच दिसलं, बेबी नाही. ज्या बाईच्या नावावर ते पार्सल होतं तिची चौकशी चालू आहे, असं टीव्हीवरची बाई नाव न घेता सांगत होती. मग शेजारीण आली आणि म्हणाली, "ती कुणाशी फारशी बोलत नाही. आधीपासूनच जरा वेगळी आहे." मग आणखी एकजण आला आणि म्हणाला, त्यांच्या पोरांना आम्ही आता आमच्या पोरांत खेळू देत नाही, उगाच विषाची परीक्षा कशाला?

"हीच ती," मास्तर म्हणाले. "हिच्यावर कुणी तरी सूड उगवलाय. तसं कुणी उगाच पाठवत नाही. केलं असेल काही तरी."

सलूनवाल्याला वाटलं काका काही तरी बोलले. "काय म्हणालात?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि बाहेर पडले.

बेबीने काय केलं होतं ते काकांना चांगलं माहीत होतं. आई आजारी आहे कळल्यावर ती आली होती. दुकानामागच्या खोलीत, जिथे काका-काकूंनी संसार केला आणि जिथे ती स्वतः लहानाची मोठी झाली, त्या खोलीच्या उंबऱ्यात ती नाकाला रुमाल लावून उभी राहिली होती. "बाबा, दुकान हलवा इथून. नाही तर तुम्ही तरी दुसरीकडे राहायला जा. ह्या वासात माणूस जगेल कसा?"

"कसला वास?" काकांनी विचारलं होतं.

बेबी त्यांच्याकडे बघत राहिली होती. तिला वाटलं बाप चेष्टा करतोय. नंतर तिने आईला आपल्याकडे नेलं, आणि काकू तिकडे चांगल्या सुधारल्या. चेहऱ्यावर रंग आला, हातात कप धरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, हवापालट. पण काकूंचा जीव लागेना. ह्यांना चहा कोण देईल, म्हणून एक दिवस लेकीचं न ऐकता पिशवी घेऊन परत आल्या, आणि पुन्हा अंथरुणाला खिळल्या. मग बेबीने फोनवर पुन्हा तेच सांगितलं, ओरडून सांगितलं. काका म्हणाले, "तू नाही का वाढलीस इथेच? तुला काही झालं का? आणि मला? मी तर दिवसभर त्यातच असतो." त्यांना ते खरंच वाटत होतं. बेबी दहनाला आली, एका बाजूला उभी राहिली, आणि जाताना बापाला एवढंच म्हणाली, "आता तरी ती मागची खिडकी उघडा." खिडकीसमोर फोमची चळत रचलेली होती. ती तशीच राहिली.

काका सरळ मुख्य टपाल कार्यालयात गेले. दाराशी फीत बांधलेली होती, पण बाजूची एक खिडकी चालू होती आणि तिथे हातमोजे घातलेला एक बाबू बसला होता.

"ते पार्सल मी पाठवलं," काका म्हणाले.

बाबूने मान वर केली नाही. "कुठलं?"

"टीव्हीवरचं."

"बरं." बाबूने समोरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "नाव, पत्ता, फोन लिहा. तुम्ही काही पहिले नाही. परवा एकजण म्हणाला मी पाठवलं, त्याला वरून आवाज आला होता. काल एक बाई आली, तिच्या सासूने पाठवलं म्हणून. तुमचं काय होतं आत?"

"आमची ही."

"ही म्हणजे?"

"बायको."

आता बाबूने मान वर केली. काकांकडे पाहिलं, त्यांच्या हातांकडे पाहिलं, सोल्युशनने कायमच्या पिवळ्या झालेल्या नखांकडे पाहिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "घरी जा बाबा. कुणी तरी येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपास करणाऱ्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, साधे कपडे, केस घट्ट बांधलेले. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या त्या खोकल्या. त्यांनी पर्समधून शिवणीचा फोटो काढून काकांच्या पुढ्यात धरला.

"हा टाका तुमचा?"

काकांनी वाकडी सुई घेतली, एका चिंधीवर तसाच टाका घालून दाखवला. निळं रीळ दाखवलं. फळीवरची पिशवी दाखवली, दहनघराची पावती दाखवली. मॅडम एकेक गोष्ट पाहत होत्या आणि मधूनच डोळे पुसत होत्या. काकांना वाटलं, बाई हळवी दिसते.

"हाच फोटो आम्ही तुमच्या मुलीला पण दाखवला," त्या म्हणाल्या.

"मग?"

"म्हणाली, ओळखत नाही. चार वेळा विचारलं. चारही वेळा तेच."

काकांनी चिंधी खाली ठेवली. शाळेत असताना बेबी त्यांच्याशेजारी बसून चुकलेले टाके उसवायची. अंधारात बोट फिरवलं असतं तरी तिने ही शिवण कुणाची ते सांगितलं असतं.

मॅडम एकदम उठल्या. "माफ करा," म्हणाल्या, आणि झपझप बाहेर रस्त्यावर जाऊन भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. काका तांब्याभर पाणी घेऊन मागे गेले. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, तुम्हाला हा वास येत नाही?"

"कसला?"

मॅडम बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. बेबी बघायची तशाच. पण ह्यांना ती चेष्टा वाटली नाही; रोज खोट्यात वावरणाऱ्या बाईला खरं कळतं.

"डबा कशाने चिकटवला होता?"

"सोल्युशनने."

"वाळू दिला होता?"

काकांनी मान हलवली. नाही.

मग मॅडमनी त्यांना तिथेच पायरीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. तो डबा रात्रभर बंद पोत्यात होता, पोतं उकाड्याच्या बंद खोलीत होतं. सकाळी तिघांनी पोत्यात डोकं घालून सामान काढलं आणि तिघांनाही गरगरलं. त्यातल्या एकाला दमा होता, तो कोसळला. कोसळताना डबा पडला, कापड फाटलं, झाकण उडालं, राख सांडली. सगळ्यांनी राख पाहिली. वास काही डोळ्यांना दिसत नाही. उरलेले चौघे राख बघून आजारी पडले. "डॉक्टरांना संशय होताच, पण कुठल्या रसायनाचा ते कळत नव्हतं. आता फोन करून सांगते," त्या म्हणाल्या. "तो माणूस काल शुद्धीवर आलाय. वाचेल तो. घाबरू नका."

"राख?" काकांनी विचारलं. "ती टाकून दिली का?"

"नाही. गोळा करून ठेवलीय. डब्यातच आहे, बरीचशी. मुलीकडे पोचवते मी."

"माझं नाव सांगू नका. परत करेल ती."

"ते तिला माहीतच आहे, काका."

त्या निघाल्या, मग थांबल्या. दुकानाच्या आत, मागच्या खोलीकडे पाहिलं. भिंतीशी लागून लावलेला पलंग तिथून दिसत होता, आणि पलंगाच्या उशाशी सोल्युशनचं पिंप. "तुमची बायको कशाने गेली?" त्यांनी विचारलं.

काकांनी नसा सांगितलं, मन सांगितलं, वय सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं. आतापर्यंत भेटलेल्या माणसांत स्वतःचा एकही तर्क न मांडणारी ती पहिलीच बाई होती.

काका पायरीवरच बसून राहिले. जे कळायचं ते कळलं होतं, पण ते डोक्यातच होतं, खाली उतरत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काकू त्यांना नेहमी म्हणायच्या, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे तेव्हा. समोर सलूनमध्ये टीव्हीवर चिकट द्रवाची बातमी यायला दुपार झाली. मास्तरांना ती अजिबात पटली नाही. "इतकं साधं कारण असतं होय?" ते म्हणाले. "लपवतायत काही तरी." औषधवाल्याने मान डोलावली. दोन दिवसांनी कुठे तरी एक पूल खचला आणि सगळे पुलांचे जाणकार झाले.

बेबीचा फोन आला तेव्हा काका यंत्रापाशी बसले होते. काम करत नव्हते, नुसते बसले होते. फोन वाजत राहिला. बेबी आपला फोन उचलत नाही ह्याची इतकी सवय झाली होती, की तिचा आपल्याला येईल हे त्यांच्या ध्यानातच येईना.

"डबा मिळाला," ती म्हणाली.

"हं."

"त्या मॅडमनी सगळं सांगितलं."

"हं." मग ते म्हणाले, "तुला त्रास झाला. पोरांना पण."

"ते जाऊ द्या." ती म्हणाली. "मी डबा उघडला बाबा. पोरांना शाळेत पाठवलं आणि एकटी बसून उघडला. मला वाटलं राखेला काही वास नसेल. पण दुकानाचा वास आला."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईच्या केसांना हाच वास यायचा. मी तिच्या कुशीत झोपायचे तेव्हा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना असाच वास येतो. मग एकदा मैत्रिणीच्या आईने जवळ घेतलं, तर तिला वेगळाच येत होता. मी घरी येऊन आईला म्हटलं, तिची आई खोटी आहे." तिचा आवाज फाटला, आणि तिने तो सावरला. "तुम्ही मला विचारलंत, कसला वास. मला वाटलं तुम्ही मला वेड्यात काढताय. तेव्हापासून मला वाटत होतं की तुम्हाला येतो आणि तुम्ही नाही म्हणता."

"नाही गं," काका म्हणाले.

"तुम्हाला खरंच येत नाही?"

काकांनी फोन खांद्याशी धरला. उठून मागच्या खोलीत गेले. पलंगाच्या उशाशी वाकले, पिंपाचं झाकण सोडवलं, ते नेहमीसारखंच चिकटून बसलं होतं. आत पिवळं, घट्ट, चकचकीत सोल्युशन होतं. चाळीस वर्षं रोज हेच झाकण उघडलं होतं. त्यांनी चष्मा काढला, चेहरा अगदी खाली नेला आणि छाती भरून श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. काकूंच्या केसांना जो वास यायचा तो कसा असेल हे शोधत ते पिंपावर वाकून राहिले, आणि तिथे काहीच नव्हतं. मोकळी हवा असावी तसं.

"बाबा?" खांद्याशी बेबीचा आवाज आला. "काय करताय?"

"नाही येत," काका म्हणाले. आणि तेव्हा कुठे, इतक्या दिवसांनी, त्यांना रडू आलं.

बेबीने फोन ठेवला नाही. त्यांचं रडणं तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाकण लावा आधी. आणि खिडकीसमोरचा फोम काढा. मी थांबते."